नांदायला नकार देणारी डॉक्टर

मराठी चित्रपटाने २०१६ ते २०१९ या थोड्याशा काळात एकोणिसाव्या शतकातील दोन स्त्री-डॉक्टरांची चरित्रे पडद्यावर आणली. त्यांपैकी समीर विद्वांस यांचा ‘आनंदी गोपाळ’ घरोघरी पोहोचला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अनंत महादेवन यांचा ‘डॉक्टर रखमाबाई’ मात्र, तनिष्ठा चॅटर्जी यांच्यासारखी कसलेली अभिनेत्री मुख्य भूमिकेत असूनही, त्या मानाने फारच थोड्या प्रेक्षकांपर्यंत गेला. प्रस्तुत लेखात शिफारस आहे ती या दुसऱ्या चित्रपटाची. पहिला चित्रपट कोठे उणा पडतो म्हणून ती केलेली नाही. दोन्ही बायका एकाच काळातल्या, दोघींची लग्ने बालवयातच झालेली आणि दोघीही डॉक्टर झालेल्या. तरीही एकीचे नाव शाळकरी मुलांच्या तोंडी असते आणि दुसरीचे नाव सांगितल्यावर पुढे दोन वाक्यांची ओळख जोडावी लागते, असे का झाले याचा शोध घेण्यासाठी ‘डॉक्टर रखमाबाई’ पाहणे अगत्याचे आहे.

पनवेल, उरण, अलिबाग या टापूतील प्रेक्षकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. आनंदीबाईंच्या लग्नानंतरची पहिली काही वर्षे अलिबागेत गेली, कारण त्यांचे पती गोपाळराव जोशी तेथे टपाल खात्यात नोकरीला होते. रखमाबाई तर खाडीपलीकडच्या मुंबईत वाढल्या. त्या काळचे पनवेल हे खाडीकाठचे गजबजलेले बंदर होते, मुंबईहून गलबतांनी आलेला माल येथे उतरून बोरघाटाच्या वाटेने पुण्याकडे जात असे आणि १८५२ सालीच येथे नगरपालिका स्थापन झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाचा शब्द या सगळ्या मुलखात प्रमाण मानला जाई. त्यामुळे नांदायला नकार दिला म्हणून रखमाबाईंवर नवऱ्याने भरलेल्या खटल्यात तेथे जे ठरणार होते, ते मुंबईतल्या एका सुखवस्तू कुटुंबापुरते राहणार नव्हते. पनवेलच्या पेठेतल्या किंवा कुलाबा जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या मुलीला नवऱ्याने कोर्टात खेचले, तर तिचे काय होईल हेही त्यातूनच ठरणार होते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार समाजातील कुटुंबात झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले, तेव्हा आई जयंतीबाई स्वतःच जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती, त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले आणि पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित असलेले नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते; १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी जे दोघे भारतीय होते, त्यांतले ते एक. रखमाबाईंच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरण्यात या सावत्र वडिलांचा वाटा मोठा होता, आणि सावत्र नात्याविषयीचे रूढ समज बाजूला ठेवून त्याची नोंद करायला हवी.

वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या तरुणाशी लावून देण्यात आले. दादाजींनी सासरी घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि पायांवर उभे राहावे अशी अपेक्षा होती, पण त्यांचे मन अभ्यासात रमले नाही आणि ते मामाच्या घरी राहायला गेले. मुलगी वयात आल्यावर गर्भाधानाचा विधी उरकून, म्हणजे पतिपत्नींच्या शरीरसंबंधाला धार्मिक संमती देऊन, तिला सासरी पाठवायचे असा त्या वेळचा रिवाज होता. डॉ. सखाराम अर्जुन यांनी वैद्यकाच्या दृष्टीने हा घाईचा विधी अनिष्ट ठरवला आणि मुलीला माहेरीच ठेवले. शाळा सुटलेली असल्यामुळे ती घरीच वाचू लागली, मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणू लागली, प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागली. अशी आठ-नऊ वर्षे गेली, आणि १८८४ साली दादाजींनी वकिलामार्फत नोटीस पाठवून बायकोला नांदायला पाठवण्याची मागणी केली. नकार मिळताच ते उच्च न्यायालयात गेले. त्यांना ओढ संसाराची होती की रखमाबाईंच्या नावावर असलेल्या मालमत्तेची, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो.

या दाव्याला कायद्याच्या भाषेत वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा म्हणतात. पती किंवा पत्नी विनाकारण वेगळी राहत असेल, तर दुसऱ्याने न्यायालयात जाऊन तिला किंवा त्याला परत नांदायला लावावे, असा त्याचा अर्थ. ही कल्पना हिंदू धर्मशास्त्रातली नाही. ती इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांमधून इंग्रजी कायद्यात आली आणि तेथून भारतात उतरली. मात्र १८८२ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद होती, आणि तिचा धाक बहुतांशी बायकांनाच होता. दादाजींच्या बाजूने धर्म बुडाल्याचा जो गजर त्या काळी झाला, तो ज्या हत्यारासाठी झाला ते हत्यारच विलायती होते, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय या खटल्याचे मर्म कळत नाही.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: लग्न लागले तेव्हा मुलगी अजाण होती, दोघांचा संसार कधी सुरूच झाला नाही, आणि जो संसार कधी सुरूच झाला नव्हता त्याची पुनःस्थापना कशी करता येईल? सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या स्वाधीन करणे हे त्यांना अमानुष वाटले. दुर्दैवाने हा निकाल ऐकायला डॉ. सखाराम अर्जुन हयात नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले होते. पुढे दादाजींनी अपील केले, मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ साली पिन्हे यांचा निकाल उलटवून खटला फेरसुनावणीसाठी परत पाठवला आणि तो न्यायमूर्ती फॅरन यांच्यासमोर आला. रखमाबाईंच्या बाजूच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. बावीस वर्षांच्या या बाईपुढे न्यायालयाने दोनच वाटा ठेवल्या: महिनाभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी उत्तर दिले की आपण तुरुंगात जाऊ.

फॅरन यांचा हा हुकूम ४ मार्च १८८७ चा. त्याच्या बरोबर सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी क्षयाने वारल्या होत्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. होऊन त्या परतल्या होत्या आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूकही ठरली होती. पण कामावर रुजू होण्याआधीच, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याच्या आत त्यांना मृत्यूने गाठले. साऱ्या महाराष्ट्राने शोक केला. ‘केसरी’नेही त्यांच्या ध्येयनिष्ठेचा गौरव केला. त्याच सुमारास त्याच ‘केसरी’च्या आणि ‘मराठा’च्या स्तंभांतून रखमाबाईंवर टीकेची झोड उठत होती, आणि इंग्रजी शिक्षणाने हिंदू संसाराची काय दशा होते याचा दाखला म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले जात होते. लोकमान्य टिळकांच्या राष्ट्रकार्याचे मोठेपण मान्य करूनही येथे म्हटले पाहिजे की या प्रकरणी त्यांची बाजू चुकीची होती आणि तिची किंमत एका तरुण बाईला मोजावी लागली.

एकाच आठवड्यात, एकाच वृत्तपत्रसृष्टीत, जवळजवळ एकाच वयाच्या दोन बायकांना मिळालेली ही वागणूक शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे बरेच काही उलगडते. समुद्र ओलांडला म्हणून आनंदीबाईंनाही निंदा सोसावी लागली होती, पण त्या नवऱ्याच्या आज्ञेने शिकल्या होत्या, कुंकू लावून आणि नऊवारी नेसून अमेरिकेत राहिल्या होत्या, आणि मायदेशी येऊन नवऱ्याच्या डोळ्यांदेखत वारल्या होत्या. समाजाला त्यांच्यात पतिव्रता पाहता आली, आणि मग त्यांची पदवीही पचवता आली. रखमाबाईंनी नेमके त्या मुळावरच घाव घातला होता. शिक्षणाची परवानगी मागण्याच्या फंदात त्या पडल्या नाहीत. जे लग्न आपल्या संमतीने झालेले नाही ते आपल्यावर बंधनकारक नाही, असे त्या भर न्यायालयात सांगत होत्या.

असे असले तरी आनंदीबाईंचा मार्ग सोपा होता असा समज कोणी करून घेऊ नये. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी जुन्या मारहाणीची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे: दहा वर्षांच्या असताना लाकडाच्या ढलप्यांनी बसलेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके व दिलेल्या धमक्या, आणि चौदाव्या वर्षी केलेल्या विचित्र शिक्षा. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत दगावले. ‘आनंदी गोपाळ’मध्ये ललित प्रभाकर यांनी गोपाळरावांचा तऱ्हेवाईक हट्ट आणि भाग्यश्री मिलिंद यांनी आनंदीबाईंचे हळूहळू उमलणे फार समजुतीने उभे केले आहे, इरावती कर्णिक यांचे संवाद काळाला धरून आणि तरीही जिवंत आहेत, आणि त्या काळची घरे, माजघरे, रस्ते यांच्या उभारणीला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार सार्थ आहे. पण चित्रपटाचा ओढा दांपत्याच्या प्रेमकथेकडे आहे आणि त्या पत्रातला कडवटपणा त्या ओढीत मवाळ होतो. चित्रपट सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावा असा आहे. त्याच्याबरोबर ते पत्रही वाचावे.

रखमाबाईंनी आपली बाजू केवळ वकिलांवर सोपवली नव्हती. खटला चालू असतानाच, १८८५ सालच्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या टोपणनावाने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. एक बालविवाहाविषयी, दुसरे लादलेल्या वैधव्याविषयी. पुढे ती रखमाबाईंची असल्याचे उघड झाले. बालविवाहाने मुलीचे शिक्षण ऐन उमेदीत तुटते, मुलगे लग्नानंतरही शिकू शकतात पण मुलींना शाळा कायमची सोडावी लागते, ही तक्रार त्यांनी स्वतःच्या अनुभवाच्या आधारे, कोणतीही रडकथा न सांगता मांडली होती. या पत्रांनी आणि फॅरन यांच्या हुकुमाने बेहरामजी मलबारींसारखे सुधारक पेटून उठले, रखमाबाईंच्या बचावासाठी समिती उभी राहिली, संस्कृतज्ञ मॅक्स म्यूलर यांनी इंग्लंडात त्यांची बाजू घेतली आणि पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या प्रकरणाचा संतापाने उल्लेख केला.

व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून हे लग्न मोडले, अशी एक कथा आजही वारंवार सांगितली जाते. ती ऐकायला बरी वाटते, परंतु घडले ते निराळेच. १८८८ साली तडजोड झाली, दादाजींनी २,००० रुपये घेतले आणि हुकुमाच्या अंमलबजावणीचा हट्ट सोडला. लग्न कायद्याने मोडले नाही, कारण तेव्हा मोडण्याची सोयच नव्हती. दादाजींनी दुसरे लग्न केले; रखमाबाईंना ती मोकळीक नव्हती आणि त्यांनी पुन्हा लग्न केलेही नाही. १९०४ साली दादाजी वारल्यावर रखमाबाई पांढरी साडी नेसू लागल्या. ज्या नात्यात नांदायला त्यांनी तुरुंगवास पत्करूनही नकार दिला, त्या नात्याचे वैधव्य त्यांनी अंगावर का घेतले, याचे सोपे उत्तर देता येत नाही, आणि त्यांच्या चरित्राविषयी आस्था असणाऱ्याने ते घाईने देऊही नये.

तडजोडीनंतरचे आयुष्य हे या कथेचे सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची, ज्यांना स्वतःला वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबरो विद्यापीठाशी झगडावे लागले होते, त्यांनी प्रोत्साहन दिले, निधी जमवला, आणि १८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ पर्यंत वैद्यकीय परीक्षा पूर्ण करून त्या परतल्या आणि सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार पाहू लागल्या. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांच्या काळात स्त्री-डॉक्टर असणे म्हणजे काय, हे सुरतेने आणि नंतर राजकोटने पाहिले. सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी बाळंतपणे केली, बायकांना आणि मुलांना औषधपाणी दिले, प्लेगसारख्या साथी पाहिल्या. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि मुंबईत परतल्या. आनंदीबाईंची पदवी पहिली हे खरेच आहे, आणि बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनी १८८६ पासून व्यवसाय केला हेही खरे. पण मराठी मुलखातून पुढे आलेली आणि आयुष्यभर रुग्णसेवा केलेली आद्य स्त्री-डॉक्टर म्हणून रखमाबाईंचे स्थान वादातीत आहे.

अशा आयुष्यावर चित्रपट करायचा तर मोह फार असतात. न्यायालयात टाळ्यांची वाक्ये पेरता येतात, दादाजींना खलनायक करता येते, शेवटी पदवीदानाचा सोहळा दाखवून प्रेक्षकांना खूश करता येते. अनंत महादेवन हे या बाबतीत संयमी दिग्दर्शक आहेत. ‘मी सिंधुताई सपकाळ’ आणि ‘गौर हरी दास्तान’ या त्यांच्या आधीच्या चित्रपटांत व्यक्तीच्या चिवटपणाला महत्त्व आहे, चमत्काराला नाही. बालविवाह, खटला आणि वैद्यकीय शिक्षण या वाटेने जाणारा रखमाबाईंचा प्रवास हा ‘डॉक्टर रखमाबाई’चा विषय आहे, आणि प्रेक्षकाने खटल्याची वरील हकीकत माहीत करून घेऊन तो पाहिला, तर न्यायालयातील प्रत्येक पायरीचे वजन त्याला कळेल. योगायोगाने त्याच वर्षी, म्हणजे २०१६ साली, अमेरिकेत ‘हिडन फिगर्स’ हा चित्रपट आला. नासाच्या अंतराळयानांचे गणित सोडवणाऱ्या कॅथरिन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन या कृष्णवर्णीय स्त्रियांची नावे त्याने जगभर पोहोचवली, आणि कॅथरिन जॉन्सन यांना तर वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी तो मान डोळ्यांनी पाहता आला. रखमाबाईंवरचा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे साठ वर्षांनी आला, आणि तोही पुरेसा पाहिला गेला नाही. ही उणीव प्रेक्षकांच्या हातून भरून निघू शकते.

पनवेलकरांच्या बाबतीत आणखी एक नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. शहरातल्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे ते आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके याच तालुक्यातल्या शिरढोणचे. त्यांच्यावर चित्रपट निघाला, अजिंक्य देव यांनी त्यांची भूमिका केली. त्यांच्या दुसऱ्या पत्नी गोपिकाबाई यांना त्यांनी लिहावाचायला, घोड्यावर बसायला आणि शस्त्र चालवायला शिकवले, असे त्यांच्या चरित्रांत येते; म्हणजे आनंदीबाईंच्या हाती पाटी-पुस्तक आले, जवळजवळ त्याच दशकात. १८७९ च्या बंडानंतर फडके एडनच्या तुरुंगात गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच वारले. त्यांच्यामागे गोपिकाबाईंचे दीर्घ वैधव्य कसे गेले, ही एका स्वतंत्र चित्रपटाची कथा आहे, आणि ती पनवेलच्याच एखाद्या लेखकाने किंवा नाट्यसंस्थेने हाती घ्यावी.

रखमाबाईंच्या खटल्यातून जी जागृती झाली तिच्यात पुढे बंगालमधील फुलमणी या अकरा वर्षांच्या मुलीच्या, नवऱ्याच्या शरीरसंबंधातून झालेल्या मृत्यूची भर पडली आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या शरीरसंबंधाला संमती मानण्याचे किमान वय त्याने दहावरून बारावर नेले. नांदायला न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द व्हायला १९२३ उजाडावे लागले. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला आणि देशभरातील हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग खुला झाला; रखमाबाई त्याच वर्षी २५ सप्टेंबरला वारल्या. ज्या दाव्याने त्यांना कोर्टात खेचले तो दावा मात्र याच कायद्याच्या कलम ९ मध्ये कायम राहिला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ साली हे कलम स्त्रीच्या खासगीपणावर घाला घालणारे म्हणून घटनाबाह्य ठरवले, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. आजही नवरा-बायकोच्या भांडणात ‘नांदायला यावे’ असा अर्ज याच कलमाखाली होतो.

म्हणून हे दोन्ही चित्रपट शाळा-महाविद्यालयांतून, महिला मंडळांतून आणि ग्रंथालयांतून एकापाठोपाठ दाखवले जावेत. आधी ‘आनंदी गोपाळ’, कारण त्यातली माणसे ओळखीची आहेत, आणि मग काही दिवसांनी ‘डॉक्टर रखमाबाई’. आठवीच्या पुढच्या मुलामुलींना दोन्ही कथा समजू शकतात, आणि मुलग्यांना वगळून केवळ मुलींसाठी प्रयोग लावण्याची प्रथा या वेळी तरी मोडावी. दुसऱ्या चित्रपटानंतरच्या चर्चेला कौटुंबिक दावे चालवणाऱ्या एखाद्या वकीलबाईंना आणि गावातल्या एखाद्या जुन्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंना बोलवावे, कलम ९ चा मजकूर मोठ्याने वाचावा, आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.